बसवलेलं बाळ आणि बसलेलं बाळ

प्रश्न : माझी मुलगी नऊ महिने पूर्ण होऊन दहाव्यात लागली. जन्म वेळेवर, वजन २.९ किलो होतं, पुढेही नीट वाढलं. आम्ही कोथरूडला राहतो. ती छान ताठ बसते, बसून तास तासभर खेळते, हाक मारली की वळते, 'बाबा' म्हणते. पण रांगत नाही. पोटावर ठेवलं की दोन मिनिटांत रडायला लागते. समोरच्या घरातलं आठ महिन्यांचं बाळ घरभर फिरतं. परवा आमच्याकडे बोरनहाण झालं, तेव्हा आलेल्या प्रत्येकीने "अजून रांगत नाही का?" हेच विचारलं. सासूबाई म्हणतात वॉकर आणू, पाय मोकळे होतील. माझी आई म्हणते, तूसुद्धा रांगली नव्हतीस, एकदम चाललीस. आम्ही नक्की काय करावं? आणि नी-पॅड आणून ठेवावेत का?

उत्तर : आधी तुमच्या जिवाला लागलेला घोर कमी करते. वेळेवर जन्मलेलं, वजन नीट वाढणारं, हाकेला वळणारं आणि आधाराशिवाय ताठ बसणारं बाळ दहाव्या महिन्यात रांगत नसेल, तर तेवढ्यावरून ते मागे पडलं असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींची नोंद ठेवली होती, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हातांवर-गुडघ्यांवर रांगणं ५.२ महिन्यांपासून १३.५ महिन्यांपर्यंत कधीही सुरू झालेलं दिसतं. आणि त्यातली ४.३ टक्के मुलं अशी रांगलीच नाहीत. समोरच्या घरातलं बाळ आणि तुमची लेक, दोघंही या पट्ट्यात अगदी आरामात बसतात.

तरीही "वाट बघा, होईल" एवढं लिहून मी थांबणार नाही. पुण्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करत मला २२ वर्षं झाली आणि तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक, ती तासभर बसून खेळते. दुसरं, पोटावर ठेवलं की दोन मिनिटांत रडते. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की बरंच काही कळतं.

तुम्हाला विचारते : ती बसते, की तुम्ही तिला बसवता? म्हणजे ती पाठीवर झोपलेली असताना कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन, आपली आपण उठून बसते का? आणि बसल्यावर बॉल लांब घरंगळला तर काय करते? अंग टाकून, हात पुढे टेकून त्याच्यामागे जाते, की बोट दाखवून "अं अं" करते आणि तुम्ही तो आणून देता?

बसवलेलं बाळ आणि बसलेलं बाळ यांत मोठा फरक आहे. बसलेल्या बाळाला तिथपर्यंत येण्याची वाट माहीत असते, म्हणून त्याच वाटेने खाली उतरताही येतं. बसवलेलं बाळ पाटावर बसवल्यासारखं असतं. पाठ ताठ, हात मोकळे, समोर खेळणी, बघायला फार गोड. पण पाटावरून उतरायचं कसं हे त्याला ठाऊक नसतं. उतरता येत नाही म्हणून ते तिथेच रमतं. तिथे रमतं म्हणून पोटावर राहायची सवय मोडते. आणि सवय मोडली की पोटावर ठेवल्याबरोबर रडू येतं, कारण तिथे मान आणि खांदे उचलून धरण्याचं काम पडतं आणि बसल्यासारखे दोन्ही हात खेळायला मोकळे राहत नाहीत. माझ्याकडे "बाकी सगळं छान आहे, फक्त रांगत नाही" म्हणून जी बाळं येतात, त्यांच्यात हे चित्र मी सगळ्यात जास्त वेळा बघते.

तुमच्या देवघरात रांगणारा बाळकृष्ण असेल, बहुतेक घरी असतो. त्याच्याकडे आज जरा वेळ बघा. एक तळवा जमिनीवर, गुडघा टेकलेला, आणि दुसरा हात वर, त्यात लोण्याचा गोळा. ज्याने कोणी ती मूर्ती पहिल्यांदा घडवली त्याने रांगतं मूल फार बारकाईने पाहिलं असणार. चार टेकूंवर नुसतं थांबणं सोपं आहे. त्यातला एक हात उचलायचा म्हणजे आधी अंगाचं वजन उरलेल्या बाजूला न्यावं लागतं आणि तिथे ते पेलावं लागतं. रांगणं म्हणजे हेच, पुन्हा पुन्हा, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. पायांत जोर नाही म्हणून बाळ रांगत नाही असं घरच्यांना वाटतं. बहुतेक वेळा पाय उत्तम असतात. वजन एका बाजूला टाकायचा सराव झालेला नसतो.

म्हणून मी सुरुवात पोटावर ठेवण्यापासून करायला सांगत नाही. तुमची लेक जिथे आनंदात आहे तिथूनच, बसण्यापासून सुरुवात करा.

हे कसं करायचं ते एका बाळाचं सांगून दाखवते. मध्यंतरी साडेनऊ महिन्यांचा एक मुलगा आला होता. घरात आजी, आजोबा, काका, आत्या, सगळ्यांचा लाडका, त्यामुळे जमिनीला पाठ फारशी लागलेलीच नाही. मी त्याला सतरंजीवर बसवलं आणि समोरची खेळणी उचलून टाकली. मग एक स्टीलची वाटी आणि चमचा घेतला, वाजवला, आणि वाटी त्याच्या उजव्या कुल्ल्याच्या जरा मागे, वीतभर अंतरावर ठेवली. त्याची मान वळली. मग खांदा वळला. डावा हात अंगावरून उजवीकडे आला आणि मध्येच थांबला, पोहोचेना. आजींनी वाटी पुढे सरकवायला हात पुढे केला. मी त्यांचा हात हलकेच धरून ठेवला. मुलाने उजवा हात जमिनीवर टेकला, पण मूठ मिटलेली. मी त्याच्या कमरेला नुसती बोटं लावून होते, धरलं नव्हतं. मूठ हळूहळू उघडली, तळवा सपाट झाला, कोपर थरथरलं, आणि डावा कुल्ला जमिनीवरून बोटभर वर आला. तेवढ्यात डावा हात वाटीला लागला आणि वाटी खणकन वाजली. दोन-तीन सेकंद तो मुलगा एका तळव्यावर आणि एका मांडीवर होता. त्या दोन-तीन सेकंदांसाठी मी हे सगळं केलं होतं.

घरी हेच करा. खेळणं समोर ठेवू नका, बाजूला आणि किंचित मागे ठेवा. आज उजवीकडे, मग डावीकडे. जी बाजू तिला अवघड जाते तिथे दोन वेळा जास्त. अंतर आधी वीतभर, जमलं की हातभर. हातभर झालं की ती तळव्यावर रेलून पाय बाजूला दुमडेल आणि एक दिवस दोन्ही हात एकाच बाजूला टेकून गुडघ्यांवर येईल. तिला कळणारही नाही की आपण रांगायच्या पवित्र्यात आलो. यात घरच्यांना सगळ्यात अवघड जातं ते म्हणजे ती वाटी न सरकवणं. बाळ हात लांब करून कण्हायला लागलं की आपला जीव राहत नाही. मनात दहापर्यंत आकडे मोजा आणि मग मदत करा. दहा आकड्यांत बरीच बाळं स्वतः पोहोचतात.

दुसरी गोष्ट तुमच्या मांडीवर. जमिनीवर पाय लांब करून बसा आणि तिला तुमच्या एका मांडीवर आडवी, पालथी ठेवा. पोट मांडीवर, एका बाजूला हात जमिनीला टेकलेले, दुसऱ्या बाजूला गुडघे. तुमची मांडी तिचं निम्मं वजन घेते, म्हणून ती रडत नाही. पुढे एखादं चित्रांचं पुस्तक किंवा आरसा ठेवा. मांडी अगदी हळू पुढे-मागे हलवली की तळव्यांवर थोडा भार येतो, जातो. दोन-तीन मिनिटं पुरे. तिचे तळवे उघडे टेकतायत ना, एवढं बघा. मुठी मिटत असतील तर भार कमी करा.

आता पोटावर राहण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात, न रांगणाऱ्या बाळाने जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर असावं असं म्हटलं आहे. मिळून, हा शब्द महत्त्वाचा. दोन-दोन मिनिटांचे पंधरा हप्ते झाले तरी चालतात. लंगोट बदलल्यावर एकदा, अंघोळीनंतर एकदा, तुम्ही आडव्या पडलात की तुमच्या छातीवर एकदा. पोट भरल्यावर लगेच नको. रात्री आणि दुपारी झोपवायचं मात्र पाठीवरच, त्यात काहीही बदल करू नका. मालिशवाल्या मावशी येत असतील तर त्यांना सांगा की शेवटची पाच मिनिटं बाळाला पालथं ठेवून पाठ चोळा आणि समोर कोणीतरी बसू दे. पायांना झटके देणं, हात-पाय उलटसुलट ओढून अंग मोकळं करणं हे मात्र त्यांना बंद करायला सांगा. सासूबाईंना न दुखवता सांगायचं असेल तर माझं नाव पुढे करा.

रडू आलं की मी काय करते ते सांगते. लगेच उचलत नाही आणि रडवतही ठेवत नाही. कुशीवर वळवते, एक मिनिट तिथे खेळू देते, आणि पुन्हा पालथं. छातीखाली गुंडाळलेलं दुपटं ठेवलं तर खांदे वर राहतात आणि काम हलकं होतं. हात दुपट्याच्या पुढे यायला हवेत. आणि समोर खेळण्यापेक्षा माणूस असू द्या. तुमचे यजमान संध्याकाळी ऑफिसमधून आले की त्यांनी सतरंजीवर पालथं पडून तिच्या नजरेला नजर द्यावी. मी हे पाळण्यातल्या बाळांच्या बाबांनाही सांगते. बाळाला कुठेतरी जावंसं वाटलं पाहिजे, आणि जावंसं वाटण्यासारखं सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे आपल्या माणसाचा चेहरा.

फरशीचा विचार मात्र नीट करा. नव्या सोसायट्यांतल्या व्हिट्रिफाइड फरश्या गुळगुळीत असतात, आणि आत्ता जानेवारीत गारही. त्यावर बाळाला आपण स्वेटर, पायजमा, मोजे घालून ठेवतो. गुडघे मागे घसरतात, पावलांना रेटा मिळत नाही, बाळ पोटावर आपटतं आणि पुन्हा प्रयत्न करत नाही. पलंगावरची गादी याच्या उलट : ती इतकी दबते की तळवे रुततात. जाड सतरंजी, घट्ट विणीची चटई किंवा एकसंध रबरी मॅट, यातलं काहीही चालेल. कोडं जुळवल्यासारख्या छोट्या तुकड्यांच्या फोमच्या मॅट मी टाळते, तुकडे तोंडात जातात. अंग उबदार ठेवा, पण खेळायच्या वेळी गुडघ्याखाली पाय आणि पावलं उघडी असू द्या. सकाळी दहानंतर ऊन खोलीत येतं तेव्हा तर मोजे नकोतच. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठाच्या संशोधकांना असं आढळलं होतं की हिवाळ्यात जन्मलेली, म्हणजे ज्यांचे पालथं पडण्याचे महिने उबदार दिवसांत येतात ती बाळं साधारण महिनाभर आधी रांगतात. हे वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात ऊन तापायला लागलं की माझ्याकडची कितीतरी बाळं एकदम सुटतात.

ती आधी मागे जाईल, हे आत्ताच सांगून ठेवते. पुढची वस्तू हवी म्हणून जोर लावेल आणि सरकत सरकत सोफ्याखाली जाईल, मग चिडून रडेल. हातांचा रेटा पायांपेक्षा आधी तयार होतो, म्हणून असं होतं. काहीही बिघडलेलं नाही. ती गुडघे पोटाखाली घेऊन पुढे-मागे झुलायला लागली की तिच्या पावलांच्या मागे तुमचे तळवे भिंतीसारखे धरा. ढकलू नका, फक्त धरा. रेटा तिने द्यायचा. कोणी पोटावर घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं, कोणी कोपरांवर सरपटतं, कोणी एक गुडघा आणि एक पाऊल असं चालवतं. दोन्ही बाजूंचा वापर साधारण सारखा असेल तर मला यातली कुठलीही पद्धत चालते.

पोटाखालून ओढणी घालून बाळाला उचलून धरायचं आणि रांगवायचं, हे बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. मी स्वतः ते क्वचित वापरते. ओढणीत बाळ टांगलं जातं आणि वजन पेलायचं काम ओढणीच करते. मांडीवरचा सराव त्याहून बरा.

सासूबाईंच्या वॉकरबद्दल माझं मत स्पष्ट आहे : आणू नका. कोणी भेट दिला तर परत करा. वॉकरमध्ये बाळ बोटांच्या टोकांवर रेटा देतं, त्याला तोल सांभाळावा लागत नाही, आपले पायही दिसत नाहीत. चालणं त्याने लवकर येत नाही. आणि क्षणात ते उंबऱ्यावर, जिन्यापाशी, गॅसच्या ओट्यापाशी पोहोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली ती अपघातांमुळेच. सासूबाईंना कदाचित पांगुळगाडा आठवत असेल, लाकडी, तीन चाकांचा, उभं राहून ढकलायचा. ती वेगळी गोष्ट आहे. त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं असतं. ती धरून उभी राहायला आणि कडेकडेने चालायला लागली की पांगुळगाडा जरूर आणा, तुळशीबागेत अजूनही लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. फक्त कोणीतरी सोबत असू द्या. तोपर्यंत त्यांच्यासाठी काम आहे : रोज दुपारी अर्धा तास सतरंजीवर नातीबरोबर बसायचं आणि वाटी कुल्ल्याच्या मागे ठेवायची. आजींना हे काम दिलं की त्या ते माझ्यापेक्षा चांगलं करतात, हे मी कित्येक घरांत पाहिलं आहे.

आता तुमच्या आईचं म्हणणं. ते झटकून टाकू नका. त्यांना विचारा की तुम्ही रांगला नाहीत म्हणजे एका जागी बसून राहिलात, की बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत होतात? काही मुलं एक हात टेकत, पाय पुढे घेत, बसूनच घरभर सरकतात. अशा मुलांना पोटावर राहणं मुळीच आवडत नाही, आणि काखेत धरून उभं करायला गेलं की ती पाय खाली टेकण्याऐवजी हवेतच मांडी घातल्यासारखे वर घेतात. हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. ही मुलं चालायला उशीर लावतात, दीड वर्ष उलटून जातं, कधी दोन वर्षंसुद्धा, आणि मग इतरांसारखीच चालतात. तुमची लेक त्यातली असेल तर तिला रांगवण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण तिला तपासून, स्नायूंचा ताण ठीक आहे हे बघूनच तसं म्हणेन, नुसत्या आठवणीवरून नाही.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये बाळाच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढून टाकलं, यावर पालक मला खूप विचारतात. मुलं ते इतक्या वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या तऱ्हेने करतात की त्यावरून कोणाला मागे पडलं म्हणणं अवघड, हे मला पटतं. पण यादीतून काढलं म्हणून जमिनीवरचा वेळ काढून टाकायचा, हे पटत नाही. रांगताना मनगटं, खांदे, कमर यांना जे काम मिळतं ते मांडीवर बसून मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, "रांगलं नाही तर पुढे वाचायला-लिहायला जड जाईल" असं सांगून घाबरवणारेही भेटतात. याला भक्कम पुरावा नाही. असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

ज्यावर मी लगेच तपासायला सांगते त्या गोष्टी आता लिहिते, आणि त्या तुम्ही आजच बघा. ती एकच हात वापरते का, दुसरी मूठ सतत मिटलेली असते का? वर्षाच्या आत डावखुरी-उजवी ठरणं हे कौतुकाचं नसून तपासायचं लक्षण आहे. सरकताना एक पाय नुसता ओढला जातो का? लंगोट घालताना मांड्या फाकवायला जड जातं का, एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडते का? पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात का, की अंग कापडासारखं लुळं लागतं? आधी जमत होतं ते करणं थांबलं आहे का? यातलं एक जरी असेल तर माझ्या सल्ल्यावर थांबू नका, याच आठवड्यात तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. जन्मल्यावर बाळ उशिरा रडलं असेल, कावीळ खूप वाढली असेल किंवा झटके आले असतील, तर काहीही दिसत नसतानाही तपासणी करून घ्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून मोजायचं. तुमच्या लेकीला हे लागू नाही, पण वाचणाऱ्या एखाद्या आईला उपयोगी पडेल.

हे मी एवढं जोर देऊन का लिहिते, तेही सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक आई दहा महिन्यांचा मुलगा घेऊन आली होती. तो सरपटत होता, हसरा होता. डावा पाय थोडा मागे राहायचा. मी म्हटलं, महिना-दोन महिने बघू, बऱ्याच मुलांची एक बाजू आधी चालते. तो परत आला तेव्हा सव्वा वर्षाचा होता आणि डाव्या हाताची मूठही मिटलेली होती. मेंदूच्या एका बाजूला इजा होती, आणि ती जन्माच्या सुमारास झालेली होती. इजा मला टाळता आली नसती, पण उपचार पाच महिने आधी सुरू झाले असते. या वयात मेंदू जेवढ्या सहज नवी वाट शोधतो तेवढ्या सहज तो नंतर शोधत नाही. तेव्हापासून मी डावं-उजवं सारखं आहे ना, हे बघितल्याशिवाय कोणत्याही आईला "वाट बघा" म्हटलेलं नाही. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ही तपासणी विनामूल्य होते, जिल्हा पातळीवर त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडी ताईंना विचारलं तरी त्या वाट दाखवतात.

टॉनिकबद्दल थोडंसं. ताकदीचं औषध म्हणून दुकानातून काही आणू नका. पण डॉक्टरांना हिमोग्लोबिनबद्दल जरूर विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि रक्त कमी असलेलं बाळ एका जागी बसून राहणं पसंत करतं. ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिटचे थेंब चालू आहेत ना, तेही पाहा. कित्येक घरी पहिली बाटली संपली की ते बंद पडतात.

ती सुटण्याआधी घर तयार ठेवा. स्वतः जमिनीवर पालथ्या पडून तिच्या उंचीवरून खोली एकदा बघा. सोफ्याखालचा शेंगदाणा, बोरनहाणातलं घरंगळलेलं बोर किंवा चुरमुरा, रिमोटचे बारीक सेल, मोबाइलची लोंबती वायर, खालच्या पातळीवरचं देवघर आणि त्यातलं निरांजन, हे सगळं तिथून दिसतं. सकाळी पाणी भरून ठेवायची सवय असेल तर बादल्या झाकलेल्या आणि बाथरूमचं दार कडी लावून बंद. बादलीत अगदी थोडं पाणी असलं तरी बाळ डोक्याने आत गेलं की बाहेर येऊ शकत नाही. पलंगाच्या कडेला एकटं ठेवणं आजपासून बंद. नव्याने रांगणाऱ्या बाळाला कडेची भीती नसते, ती काही आठवडे रांगल्यावर येते.

हे सगळं पाच-सहा आठवडे करा, आणि आज एक व्हिडिओ काढून ठेवा. समोरून नको, बाजूने काढा, कॅमेरा जमिनीलगत. एक मिनिट बसलेली असताना, वाटी उजवीकडे. एक मिनिट वाटी डावीकडे. एक मिनिट पोटावर. फेब्रुवारीच्या शेवटी तसाच दुसरा काढा. आई म्हणून रोज बघताना जो फरक दिसत नाही तो दोन व्हिडिओंत दिसतो. ती अजून रांगत नसेल, पण तळवा उघडून टेकत असेल, कुशीवरून स्वतः उठत असेल, पोटावर गोल फिरत असेल, तर काम चालू आहे, तसंच चालू ठेवा. दोन्ही व्हिडिओ अगदी सारखे दिसले तर ते घेऊन तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि मुलांच्या फिजिओथेरपिस्टला दाखवायला सांगा. एक बाजू वेगळी वाटली तर फेब्रुवारीपर्यंत थांबूच नका.

राहता राहिले नी-पॅड. ते नकोत. गुडघ्याच्या कातडीला जमीन समजावी लागते, कुठे घसरतं, कुठे पकड मिळते. पॅडने ते कळत नाही, आणि घट्ट इलॅस्टिकचे वळ उठतात ते वेगळेच. गुडघे थोडे लाल होतील, नंतर जरा खरखरीत आणि काळसरही होतील. सासूबाईंना त्याची काळजी वाटली तर रात्री झोपवताना खोबरेल तेल चोळायला सांगा. ती चालायला लागली की काही महिन्यांत ते डाग आपोआप जातात.